अपेक्षित गुण

“सत्तावन्न,” मुळजकर सर डोळे न उघडता म्हणाले.

मी त्यांच्या ओसरीवर सतरंजी टाकून बसलो होतो. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाच्या प्रश्नपत्रिका पुढ्यात होत्या. पंख्यानं उडू नयेत म्हणून सरांनी त्यांच्यावर अडकित्ता ठेवला होता.

“सत्तावन्न म्हणजे टक्के, सर?”

“मग काय, किलो?”

“पण राज्यशास्त्राचा पेपर तर तुम्हीच म्हणालात की झकास गेलाय.”

“झकास गेला म्हणूनच सत्तावन्न. नाहीतर बावन्नवर असतास.”

सोनतळच्या कॉलेजात ही रीत होती. परीक्षा संपली की पोरं एकेक करून सरांच्या ओसरीवर यायची. सर प्रश्न वाचायचे, आपण काय लिहिलं ते पोरानं तोंडी सांगायचं, सर डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी एक आकडा सांगायचे. विद्यापीठाचा निकाल लागायला जुलै उजाडायचा; सरांचा मे महिन्यातच लागायचा. त्यामुळे गाव सरांच्या निकालावर चालायचं. त्यावर मुली दाखवल्या जायच्या, सुपाऱ्या फुटायच्या. पुढं विद्यापीठाचा आकडा वेगळा निघालाच, तर लोक विद्यापीठाला नावं ठेवायचे.

मला साठ हवे होते. पुण्यातल्या एका लॉ कॉलेजात निकालाआधीच अर्ज करता येई. सोबत प्राध्यापकाच्या सहीचा अपेक्षित गुणांचा दाखला लागे. दाखल्यावर साठाच्या खालचा आकडा असला तर अर्ज ते बाजूला ठेवत, आणि बाजूला ठेवलेल्या अर्जाचं पुढं काय होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. माझा मावसभाऊ तिथं शिकून तिकडंच राहिला होता. तो सांगे, तिथं पोरं खोट्या कोर्टात उभी राहून खरे मुद्दे मांडतात. आमच्या सोनतळच्या कोर्टात याच्या बरोबर उलट चालायचं, म्हणून मला पुण्याचं फार आकर्षण होतं.

“सर, तीन टक्के कुठं वाढत असतील तर...”

“मल्लिनाथ, मी कधी कुणाला वाढवून दिलेत?”

नव्हते दिले. स्वतःच्या पुतण्याला नापास सांगितलं होतं, आणि तो झालाही होता. सरांनी दाखला लिहिला, घडी घालून माझ्या हातात दिला आणि पुन्हा डोळे मिटले. एरवी आकडा सांगून झाला की ते डोळे उघडत आणि पोराकडे बघून हसत. त्या दिवशी मी चपला घालून फाटकाबाहेर पडलो तरी मिटलेलेच होते. मला वाटलं, दमले असतील.

आप्पा, म्हणजे माझे वडील अ‍ॅडव्होकेट बसवराज निटूरे, सोनतळच्या दिवाणी कोर्टात वकिली करत. ते आयुष्यात एकही दावा हरले नाहीत अशी त्यांची ख्याती होती, आणि ती खरी होती. ते जिंकलेही नव्हते. ते तारीख घेत. पक्षकार आजारी आहे, वकील आजारी आहे, साक्षीदार लग्नाला गेलाय, कागद नकलेला दिलाय. एकदा घरी म्हैस व्यालीय एवढ्या कारणावर त्यांनी महिन्याची मुदत मिळवली होती. म्हैस समोरच्या पक्षाची होती. आमच्या कोर्टातल्या वकिलांचा एक अलिखित करार होता. समोरच्यानं तारीख मागितली की आपण उठून “हरकत नाही” म्हणायचं. आज तो मागतो, उद्या आपण मागू. या एका गोष्टीत सोनतळच्या वकिलांची एकी वाखाणण्यासारखी होती.

आप्पांचा सगळ्यात जुना दावा मुळजकर सरांचाच होता. सर राहत होते ते घर त्यांच्या वडलांचं. त्यात थोरल्या बहिणीनं, द्वारकाक्कांनी, वाटणी मागितली होती. आक्का तरुणपणीच विधवा झालेल्या, दिराच्या घरी एका खोलीत राहायच्या. कायदा आक्कांच्या बाजूनं होता, म्हणून सर आप्पांच्या बाजूनं होते. दावा उभा राहिला तर घर अर्धं जाणार. उभाच राहिला नाही तर सगळं राहणार. आप्पा तो उभा राहू देत नव्हते.

त्या रात्री जेवताना आप्पांनी विचारलं, “किती म्हणाले सर?”

“सत्तावन्न.”

आप्पांचा हात ताटातच थांबला. “अरेरे,” ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आल्यासारखं वाटलं. “साठ असते तर आजच गाडीचं तिकीट काढलं असतं.”

“सरांचंही चुकू शकतं एखाद्या वेळी,” आई म्हणाली.

आप्पांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं काही तिनं सूर्य चुकून उगवला असं म्हटलं असावं.

पुण्याची हौस माझ्याइतकीच आप्पांनाही होती, निदान तसा सगळ्या गावाचा समज होता. परीक्षा सुरू व्हायच्या आधीच ते लातूरहून हिरवी लोखंडी पेटी घेऊन आले होते. पेंटरला घरी बोलावून तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहून घेतलं होतं : म. ब. निटूरे, पुणे. रंग वाळेपर्यंत पेटी अंगणात होती. येणारा-जाणारा विचारी आणि आप्पा सांगत, “पोरगं पुण्याला चाललंय.” असा बाप सोनतळात दुसरा नव्हता. बाकीचे बाप पोरांना दुकानावर बसवत होते.

“मी नको म्हणत नाही,” आप्पा म्हणाले. “तू पुण्याचाच अर्ज भर. माझी काहीएक हरकत नाही. फक्त टी. सी. एकच असते, एवढं ध्यानात ठेव.”

टी. सी.चा मुद्दा बिनतोड होता. मूळ टी. सी. अर्जासोबत द्यावी लागे. ती पुण्याला गेली आणि पुण्यानं नाही म्हटलं, तर ती परत हातात येईपर्यंत सोनतळच्या लॉ कॉलेजची दारं बंद होणार. सोनतळचं लॉ कॉलेज नवं होतं, जुन्या जिनिंग मिलच्या गोदामात भरायचं. तास चालू असताना छतातून सरकीचा कापूस खाली यायचा. तिथं टक्क्यांची अट नव्हती. कसलीच अट नव्हती. आप्पा तिथं आठवड्यातून दोनदा दिवाणी प्रक्रिया शिकवायचे.

“म्हणजे वर्ष वाया जाईल,” मी म्हणालो.

“जाईल असं मी म्हणालो नाही. जाऊ शकतं. विचार कर. घाई नाही.”

दुसऱ्या दिवशी मी आप्पांचा डबा द्यायला कोर्टात गेलो. व्हरांड्यातल्या बाकावर द्वारकाक्का बसल्या होत्या. त्यांची तारीख होती, म्हणजे तारीख मिळणार होती. समोरच्या वकिलाचा पोरगा म्हणून त्यांनी माझा कधी राग केला नाही. लहानपणापासून त्यांच्या फडक्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मी खात आलो होतो.

“कसल्या विचारात पडलालास, मल्लू?”

मी सगळं सांगितलं. साठ, सत्तावन्न, टी. सी., सरकी.

“मग जा की पुण्याला.”

“ते नाही म्हणतील, आक्का.”

“मग त्यांना म्हणू दे की. त्यांच्या आधी तूच कामून म्हणलालास?” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. “मी बघ की. मला अजून कोणी नाही म्हणलं नाही. हो पण म्हणलं नाही. नुसतं बसवलंय. नाही म्हणलं असतं तर उठून दुसरीकडं गेले असते.”

तेवढ्यात आतून पुकारा झाला. आप्पांनी तारीख मागितली. आक्कांचे वकील हंचाटे अर्धवट उठून “हरकत नाही” म्हणाले आणि पुन्हा बसले. आक्कांनी फडकं बांधलं आणि बस गाठायला निघाल्या. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. म्हातारी बाई बसला उशीर होऊ नये म्हणून लगबगीनं चालली आहे, एवढंच दिसलं.

त्यांचं बोलणं मात्र डोक्यात राहिलं. घरी येऊन मी आप्पांना सांगितलं, “मी पुण्यालाच अर्ज भरतो. नाही म्हणाले तर म्हणाले.”

“शाब्बास!” आप्पा म्हणाले. “असं पाहिजे. उद्या अमावास्या आहे, परवा जा.”

परवा त्यांच्या छातीत जरा भरून आल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले गॅस आहे, पण एक दिवस कुणीतरी जवळ असलेलं बरं. त्याच्या दुसऱ्या दिवशी जिनिंगच्या कॉलेजचे प्राचार्य चहाला आले आणि तुमच्या मुलासारखा मुलगा आमच्याकडे आला तर कॉलेजचं नाव होईल, असं म्हणाले. कॉलेजला अजून नाव पडलं नव्हतं हे खरंच होतं. मग आप्पांनी विचारलं, “आता विचार काय आहे? मी सांगणार नाही. तूच ठरव.” मी घडी घातलेला दाखला उघडून बघितला. सत्तावन्न. सरांची सही. ज्या माणसाचं कधी चुकलं नाही त्याच्या सहीखालचा आकडा घेऊन पुण्यात कुणाच्या तोंडाकडे बघायचं? अर्जाच्या मुदतीत पुण्याला पोचवणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ टळून गेली. मी टी. सी. नेऊन जिनिंगमध्ये दिली. कुणी जबरदस्ती केली नाही, कुणी नको म्हणालं नाही. मी स्वतःच्या पायांनी गेलो. वाटेत आप्पांनी मला पानही खाऊ घातलं.

जुलैत निकाल लागला. मला पासष्ट टक्के होते.

आईनं आधी देवापुढं साखर ठेवली आणि मग ओट्याला टेकून रडली. आप्पा म्हणाले, “विद्यापीठाचा काही भरवसा नाही राहिला बघ,” आणि पेढे आणायला स्वतः गेले. मला राग आला होता, पण कुणावर ते ठरत नव्हतं. नशिबावर येत होता. नशिबावर राग आला की माणूस दोन दिवस कमी जेवतो, आणखी काही करत नाही.

पेढे घेऊन मी सरांकडे निघालो. चौकातल्या सलूनमध्ये सर दाढीला बसलेले दिसले. गालांवर साबण होता. शेजारच्या खुर्चीतून तेली सावकारांचा नाना म्हणत होता, “काय सर, निटूऱ्याच्या पोराला आठ टक्क्यांनी मारलं म्हणे! यंदा चष्मा बदला.”

सलूनमधले सगळे हसले.

“वय झालं आता सरांचं,” न्हावी समजुतीनं म्हणाला. “ओसरीची पाटी उतरवा आता, सर.”

सरांनी आरशात बघितलं. मी त्यांना आरशातच दिसलो. ते अर्धी दाढी तशीच ठेवून उठले, गळ्यातला टॉवेल न काढता बाहेर आले आणि माझा दंड धरून मला सलूनच्या मागच्या बोळात घेऊन गेले.

“पासष्ट,” ते म्हणाले. त्यांच्या गालावरचा साबण थरथरत होता. “ओसरीवर तुझं ऐकून ओसरीवर तुझं ऐकून मी पासष्टच काढले होते! अर्धा टक्कासुद्धा इकडं-तिकडं नाही. माझं चुकलं नव्हतं, मल्लिनाथ. माझं कधीच चुकलेलं नाही.”

मला आधी काही कळलंच नाही. हातातला पेढ्यांचा पुडा मी त्यांच्यापुढं धरला.

“मग सत्तावन्न?”

“तो आकडा माझा नाही.”

“मग कुणाचा?”

सरांनी बोळाच्या तोंडाकडे बघितलं. मग टॉवेलानं तोंड पुसत म्हणाले, “तू यायच्या आदल्या दिवशी दाव्याच्या कागदावर सही करायला मी कोर्टात गेलो होतो. कोर्टातून बाहेर पडताना वकीलसाहेबांनी विचारलं, पोराचं काय वाटतं? मी म्हटलं, पासष्ट, डोळे झाकून. ते म्हणाले, जरा सत्तावन्नपर्यंत आणा. मी म्हटलं, असं कधी केलं नाही. ते म्हणाले, बरं, तुमची मर्जी. आणि मग म्हणाले, तुमच्या दाव्यात पुढच्या वेळी तारीख मिळेलच असं काही सांगता येत नाही, सर. साहेब नवीन आहेत.”

“आणि तुम्ही सांगितलंत.”

“घर जाईल रे अर्धं.” मग एकदम आवाज चढवून ते म्हणाले, “पण तू चौकात सांग सगळ्यांना! चुकलं नव्हतं म्हणावं!”

त्या माणसानं माझं पुणं बुडवलं, आणि बोळात उभा राहून तो मलाच आपली अब्रू सावरायला सांगत होता. माझं वाईट केल्याचं त्यांना फारसं वाटत नव्हतं. चुकल्याचा आळ मात्र सोसवत नव्हता. पेढ्यांचा पुडा त्यांनी घेतला. त्या घाईत एक तोंडात टाकलासुद्धा.

घरी आलो तेव्हा आप्पा ओट्यावर बसून गुळगुळीत बूट पुन्हा पॉलिश करत होते.

“सत्तावन्न तुमचे होते,” मी म्हणालो.

ब्रश एकदा थांबला आणि पुन्हा चालू लागला. “सरांनी सांगितलं? पक्षकारानं असं बोलू नये.”

“आप्पा, तुम्ही सरळ नाही म्हणाला असतात तर मी ऐकलं असतं.”

“म्हणून तर म्हणालो नाही. नाही म्हटल्यावर तू ऐकलं असतंस आणि जन्मभर मला बोल लावला असतास.”

“आणि आता?”

“आता वर्षाचा तर प्रश्न आहे. पुढच्या वर्षी जा की. मी कुठं अडवलंय?”

मला तारीख मिळाली होती. इतकी वर्षं आप्पा हे कोर्टात करत होते आणि मी ते बघून हसत होतो. आपल्याला मिळाल्यावर ती कशी लागते ते त्या दिवशी समजलं.

“पुण्याला गेलेला वकील परत आलेला बघितलास कधी?” आप्पा म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज कोर्टातला नव्हता. “एवढे दावे आहेत. माझ्यामागं कोण बघणार?”

“दावे संपवा ना मग.”

“येडा आहेस. दावा संपला की वकील संपला.”

“मग ती पेटी कशाला आणली होती?” हे विचारताना मात्र माझा आवाज फुटला. बाकी सगळं मी सहन करत आणलं होतं. त्या पेटीवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं माझं नाव वाळताना मी तासभर उन्हात उभा राहिलो होतो.

आप्पांनी बुटावर फुंकर घातली. “तुला आनंद व्हावा म्हणून,” ते म्हणाले. ते खरं बोलत होते. तेच तर वाईट होतं.

पुढच्या वर्षी मी गेलो नाही. टी. सी. जिनिंगमध्ये होती, आणि आप्पांचं म्हणाल तर अमावास्या दर महिन्यालाच येते. कायद्याची पदवी मी कापूस झटकत घेतली. हिरवी पेटी आप्पांच्या ऑफिसात गेली. तिच्यात पडून राहिलेल्या दाव्यांची कागदपत्रं ठेवली होती. येणारा पक्षकार ‘पुणे’ वाचून जरा दबकायचा.

मला सनद मिळाली त्या आठवड्यात आप्पांनी पेंटरला पुन्हा बोलावलं. दारावर नवी पाटी लागली : निटूरे आणि निटूरे. मी ती बघितली, छान आहे म्हणालो. मला घाई नव्हती. तेवढं मी घरातच शिकलो होतो.

हंचाटे वकील तोवर वारले होते. द्वारकाक्कांना वकील नव्हता. मी बसनं त्यांच्या गावी गेलो. त्यांनी वकीलपत्रावर अंगठा उठवला आणि विचारलं, “तुझ्या बापाला ठाऊक आहे का रे, मल्लू?”

“कोर्टात कळेल, आक्का.”

त्या दिवशी आम्ही दोघं एकाच स्कूटरवरून कोर्टात गेलो, कारण घरात स्कूटर एकच होती. दाव्याचा पुकारा झाला. सर पहिल्या बाकावर बसले होते, डोळे मिटून. आप्पा उठले. बाह्या सारख्या केल्या.

“साहेब, प्रतिवादीला तयारीसाठी मुदत मिळावी.”

साहेबांनी कागदावरून नजर वर केली. “वादीतर्फे कोण?”

मी उठून वकीलपत्र पुढं केलं. कोर्टात माणसं हलत होती ती थांबली. आप्पांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर रागाचं नावही नव्हतं. एकीवर विश्वास असलेल्या माणसाचा तो चेहरा होता. पोरगं आहे, पहिली वेळ आहे, बोलायचं काय ते त्याला माहीत आहे.

“हरकत?” साहेबांनी विचारलं.

“हरकत आहे,” मी म्हणालो.

मागच्या बाकावर कुणाच्या तरी हातातून फाईल पडली. साहेबांनीही बहुधा हे दोन शब्द सोनतळात पहिल्यांदाच ऐकले असावेत. त्यांनी चष्मा काढला. “कारण?”

“प्रतिवादीच्या वकिलांची तयारी पूर्ण झाली आहे, साहेब. सकाळी जेवताना ते स्वतःच तसं म्हणाले.”

कोर्ट हसलं. बेलिफसुद्धा हसला. साहेबांनी तोंडावर हात ठेवला. सरांनी डोळे उघडले. आप्पा तेवढे हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते, आणि ओट्यावर त्या दिवशी माझा चेहरा कसा दिसला असेल ते मला त्यांच्या चेहऱ्यावर बघायला मिळालं. मला वाटलं होतं, बरं वाटेल.

साहेबांनी तारीख दिली. ‘शेवटची संधी’ असं लिहून दिली, पण दिलीच.

व्हरांड्यात आक्कांनी फडकं सोडलं. भाकरीचा मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला. “आज कुणीतरी नाही म्हणलं बाबा,” त्या म्हणाल्या. “माझ्या बाजूनं.”

पाच वाजता आप्पांनी स्कूटरला किक मारली आणि थांबून राहिले. मी मागं बसलो. चौक गेला, सलून गेलं, जिनिंगचं गोदाम गेलं. घराच्या वळणावर आप्पा मान न वळवता म्हणाले,

“घरातलं बोलणं कोर्टात सांगत नसतात, मल्लिनाथ. एवढंही शिकवलं नाही का तुला कुणी?”

“नाही, आप्पा,” मी म्हणालो. “पुण्यात शिकवत असतील.”